किल्ल्यातली आत्या

फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ मी आणि माझा एक मित्र, दोघंही आपापल्या घरी चालवतो. मी मुलुंडला, तो गोरेगावला. माझी चाळीस पानांची तयारी असते, तरी तासाभरात माझे खेळाडू फोनमध्ये शिरतात. त्याच्याकडे आठवडाभर खपून काढलेला एक नकाशा आणि खारीचा पुडा एवढंच असतं, तरी कोणी जागचं हलत नाही म्हणे. जळतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो.

मागच्या रविवारी दुपारी त्याच्याकडे खेळायला गेलो, तो चुका काढायलाच. हा माणूस आवाजसुद्धा चढवत नाही. खारी चहात बुडवतो आणि सगळ्यांत गप्प बसलेल्याकडे वळतो. "बरं, आणि तू काय करतेस गं?"

ती मुलगी नवीन होती. गडबडून म्हणाली, "या किल्ल्यात... माझी आत्या राहते."

किल्ला राक्षसाचा होता! मी असतो तर तिला तिथेच गप्प केलं असतं. त्याने नकाशाची घडी केली आणि चहाच्या कपाखाली सारली.

"झकास! आत्या दार उघडते. दिसते कशी?"

सगळे पुढे सरकले. मग तो माझ्याकडे वळला. "आत्या तुला ओळखते रे. विचारते, मागच्या वेळी न जेवता का गेलास?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, ते चांगली वीस मिनिटं बोलतच राहिलो.

खाली उतरल्यावर खिशातून फोन काढला. बायकोचे सात मिस्ड कॉल होते. माझा खेळ मी स्वतः चालवत असतो ना, तेव्हा तिचा एकही फोन चुकत नाही.