प्रलंबित

दारव्ह्याहून आर्णीला जाणाऱ्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर बकरीचं पिल्लू आणि हातात मोबाइल. दर वेळी बोट लावण्याआधी ती पदराने काच पुसायची. मधेच मोबाइल बोलला, "बाई वो, काळ्या बकरीले सुई टोचाची हाय."

मी दचकलो. बकऱ्यांच्या लसींची आठवण करून देणारं ते अ‍ॅप मीच बनवलेलं होतं. फक्त माझं अ‍ॅप "लसीकरण प्रलंबित आहे" असं म्हणतं, आणि ते विकत घ्यावं लागतं.

"हे कुठून घेतलं, मावशी?"

"मोबाइलच्या दुकानातून. दुकानवाल्यानं फुकटात टाकून देल्लं. आवाज त्याच्या बायकोचा हाय. तुमाले पाठवू काय?"

"पण हे चोरीचं आहे. मूळ अ‍ॅप काहून नाही घेतलं?"

"घेतलं होतं ना भाऊ, पैसे भरून. पन ते सायबावानी बोलते. प्रलंबित म्हनलं, तं मले वाटलं टोचून झालं. एक बकरी गेली माही." तिने पिल्लाचा कान हळूच सरळ केला. "कोनं बनवलं कोन जाने. त्यानं बकरी पाह्यली नसन कधी."

मी कोण, हे सांगायला तो मुहूर्त बरा वाटला नाही.

चोरी थांबवायला मी अ‍ॅपला नवं कुलूप बसवत होतो. ते काम प्रलंबित आहे. आधी वाक्यं बदलली. आता माझं मूळ अ‍ॅपही "सुई टोचाची हाय" म्हणतं. सगळी वाक्यं त्या दुकानदाराची उचललेली आहेत.

त्याने अजून तक्रार केलेली नाही.