बोन्रिकीचा कंद

तेरेतियाच्या नाकावर राग कायमचा वस्तीला होता, आणि तो उगाच नव्हता. तारावा बेटावरच्या बोन्रिकी गावात तिचा बाबाईचा खड्डा विमानतळाच्या धावपट्टीला अगदी खेटून. बाबाई म्हणजे अळूच्याच जातीचा कंद, पण खड्ड्यातल्या चिखलात वर्षानुवर्षं पाला कुजवून घालावा तेव्हा कुठे बाळाएवढा होतो. गुडघाभर चिखलात उभी राहून ती डोक्यावरच्या विमानांना शिव्या घालायची. लेक मारेवे किरिसमास बेटावर दिलेली. देश एकच, झेंडा एकच, सरळ गेलं तर सव्वातीन हजार किलोमीटर. पण सरळ जाणारं विमानच नव्हतं. आधी फिजीला, म्हणजे परदेशात, आणि तिथून दुसरं विमान. झाले पावणेसहा हजार. पोटच्या पोरीकडे जायला पासपोर्ट!

नातीचा पहिला वाढदिवस ठरला. मेजवानीत माहेरच्या खड्ड्यातलं बाबाई नसलं की पोरीची मान खाली जाते, आणि किरिसमासच्या कोरड्या वाळूत ते धड होत नाही. मारेवेची सासू ताबेता आधीपासूनच टोमणे मारत होती, “माहेरी खड्डा आहे म्हणे! आम्हाला नाही दिसला कधी.”

तेरेतियाने सगळ्यात मोठा कंद उपटला. तिच्या नवऱ्याने मरायच्या आधी लावलेला. धुतला, चटईत गुंडाळला आणि निघाली.

फिजीहून पुढचं विमान दोन दिवसांनी होतं, तेव्हा विमानतळाबाहेर पडणं आलंच. तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने चटई सोडली.

“आजी, कच्चा कंद आमच्या देशात आणता येत नाही.”

“तुझ्या देशात कोण मरायला आणतंय? मी माझ्या देशातून माझ्याच देशात चाललेय. तुझा देश मध्ये तडमडलाय!”

“नियम आहे, आजी.”

“मग भांडं आण. इथंच उकडते.”

तो हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दोन्ही हातांनी कंद उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मेजवानीला सगळं गाव सभाघरात बसलं होतं. ताबेताने मोठ्याने विचारलं, “विहीणबाई, हात हलवत आलात?”

“हलवत नाही, चोळत आले!” तेरेतियाने रिकामी चटई सगळ्यांसमोर आपटली आणि घडलेलं सगळं ओरडून सांगितलं. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिचा आवाज फाटला.

ताबेताने ती चटई उचलून नीट घडी घातली. मग म्हणाली, “टेबलाच्या उजवीकडचा डबा?”

“तोच.”

“माझ्या आईच्या खड्ड्यातलं रोप गेलंय त्यात. मीही लग्न होऊन याच वाटेने आले तेव्हा. इथं सगळ्यांना सांगितलं, वाटेत सुकलं म्हणून.”

मग दोघी विहिणी मांडीला मांडी लावून बसल्या आणि बोटं मोडायला लागल्या, विमानाच्या नावाने, फिजीच्या नावाने, आपल्या सरकारच्या नावाने. कुणीही त्यांना आवरलं नाही.

शेवटी मारेवेने लेकीला मेजवानीचा पहिला घास भरवला. भाताचा. तो तांदूळ ऑस्ट्रेलियाहून आला होता, आणि त्याला वाटेत कुणीही अडवलं नव्हतं.