आत्याच्या दोन एकरांचा कागद

अण्णांचे रिपोर्ट घरात मलाच वाचता यायचे. मला कळंबच्या इंग्रजी शाळेत घातल्याचा हा उपयोग झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. सोलापूरच्या दवाखान्यातून परतताना थोरल्या भावाने गाडीतच मला हळूच सांगितलं, अण्णांना कावीळ म्हणायचं. मी मान हलवली. बोलण्यापेक्षा मला ते सोपं जातं.

पण कावीळ झालेल्या माणसाला कुणी मृत्युपत्राचं विचारत नाही, आणि आत्यासाठी ते विचारणं भाग होतं. नवऱ्याने टाकल्यावर ती ऐन तिशीत माहेरी आली. आजोबा गेल्यावर तिने चोळी-पातळ घेऊन हक्क सोडला आणि सगळं रान अण्णांच्या नावावर झालं. विहिरीकडचे दोन एकर अण्णांनी तिला करायला दिले, ते नुसते तोंडी. त्या दोन एकरांवर तिने तीस वर्षं काढली, कुणापुढे हात पसरला नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव कुठंच नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी ओसरीवर मी आणि अण्णाच होतो. वाक्य मी मनात इंग्रजीतून जुळवलं होतं, मराठीत ते निघेना. शेवटी एका दमात म्हणाले, "अण्णा, आत्याच्या रानाचं काही लिहून ठेवायचं का?"



"म्हंजी कावीळ न्हाय तर."

मी खाली बघितलं.

"शाळंची फी म्या भरली, अन् मलाच फसवतीस व्हय गं?" ते हसले आणि हसता हसता पोट धरून वाकले. कळ ओसरल्यावर म्हणाले, "लिवू. ती हाय तवर रान तिचं. वकिलाला उद्याच बोलव."

आत्या दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्यापासनं पितरपाट लागतोय, दादा. पितरांच्या दिसात जित्या माणसाचा असला कागद करत्यात व्हय? घट बसू द्या."

"अगं, पंधरा दिसांचं कुणी सांगावं?"

"तसलं बोलू नका. मला रान नको, भाऊ पाहिजे."

अण्णांनी वकिलाचा विषय सोडला. पंधरवड्यात आमच्याकडे कुणी साधी मोटारसायकलसुद्धा घेत नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टरांनी आठवड्यांचा हिशेब सांगितला होता आणि तो ऐकणाऱ्यांत मी होते. पण मृत्यूचा शब्द आपण काढला आणि तो खरा झाला तर, अशी भीती इंग्रजी शाळेत शिकूनही माझी गेलेली नाही. मी आत निघून गेले.

नवव्या दिवशी अण्णांची शुद्ध हरपली. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ते गेले.

तेरावा झाल्यावर भाऊ आत्याजवळ येऊन बसला. "आत्या, वय झालं आता तुमचं. रानात कशाला मरता? दोन येळा जेवायचं अन् निवांत पडायचं." त्याच्या आवाजात खरीखुरी माया होती.

मी म्हणाले, "अण्णा ते रान आत्याला लिहून देणार होते."

"दिलं का?" त्याने विचारलं. "न्हाय ना?"

आत्या म्हणाली, "व्हय बाबा, तू म्हणतोस तसं." त्या आठवड्यात तिचं सोयाबीन भावाच्या गंजीत गेलं. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, स्वतःच्या चहात साखर घालण्याआधी ती वहिनीच्या तोंडाकडे बघत होती.

वारसांत माझंही नाव लागणार होतं, त्यामुळे माझ्या हक्कसोडीचा कागद तयार झाला. मी तोवर पुण्याला, नोकरीवर परतले होते. भावाशी फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून मेसेज लिहिला: आधी आत्याला दोन एकर लिहून दे, मग मी सही करते.

उत्तर लगेच आलं. "तुला माहेर पाहिजे का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी भावाच्या फोनवरून आत्या बोलली. "सही कर माय. माझ्यापायी भावाशी वाकडं घेऊ नको. मला काय, दोन घास मिळत्यात." मागून भाऊ सांगत होता, "म्हणावं, शनिवारी ये."

शनिवारी मी गेले नाही. सही अजून केलेली नाही. दिवाळीला मला बोलावणं आलं नाही, आणि आत्याला फोन द्या म्हटलं की ती रानात गेलीय असं सांगतात. कुणाच्या रानात, हे मी विचारत नाही.