आत्यांचे हात आणि आमचा टॉवेल

सोलापुरात राहिलं की माणसाला टॉवेलचा गर्व चढतो. मला तर जरा जास्तच, कारण चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेल तपासणं हेच माझं काम. टॉवेलचा तुकडा पाण्याच्या भांड्यात सोडायचा आणि तो पाणी पिऊन किती झटकन बुडतो ते पाहायचं. तरंगत राहिला की नापास. घरी पाहुणे आले की मी आधी हातात टॉवेल देते, मग चहाचं विचारते.

लेक झाली, माहेरचं बाळंतपण आटोपलं आणि रजा संपत आली, तेव्हा आत्या आमच्याकडे राहायला आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सांगोल्याकडच्या, सगळं आयुष्य शेरडं-मेंढरं सांभाळण्यात गेलेलं. मी कामावर गेले की नातीला त्याच बघणार, असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हौसेनं तिला पायांवर पालथं घेतलं, तेलाचा हात फिरवला आणि तिच्या पाठीवर लाल रेघ उठली. पोरीनं असा टाहो फोडला की शेजारचे डोकावून गेले.

आत्यांनी हात मागे घेतले. "ह्ये हात न्हाईत, खरारा हाय," म्हणाल्या. "मी जाते गावाकडं. तुमी दुसरी बाई बगा."

दुसरी बाई मला नकोच होती. त्या दिवसापासून आत्या झोळीची दोरी तेवढी ओढायच्या, पोरीला हात लावायच्या नाहीत. ती हसली की लांबूनच बोलायच्या. मला ते बघवत नव्हतं, आणि बघवलं नाही की माझी चिडचिड होते. मी हट्टालाच पेटले. महागडं क्रीम आणलं. सकाळ-संध्याकाळ कढत पाण्यानं, साबण लावून आत्यांचे हात घासायचे, आमच्या सगळ्यात भारी टॉवेलनं खसाखसा पुसायचे, ओल म्हणून ठेवायची नाही, आणि मग क्रीम. त्यात थंडीचे दिवस, हवा कोरडी. हात होते त्याहून पांढरे पडले, भेगांतून रक्त दिसायला लागलं. आत्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली.

शेवटी त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हात धुतल्यावर काय करता, असं त्यांनी विचारलं. मी सगळं अभिमानानं सांगितलं, टॉवेलसकट. बाई हसायलाच लागल्या. कातडीला तेलही कमी पडलंय आणि पाणीही, म्हणाल्या. कढत पाणी आणि साबण तिचं तेल काढून नेतात, उरलंसुरलं पाणी तुमचा टॉवेल पिऊन टाकतो, मग क्रीमनं आत धरून ठेवायचं तरी काय? पाणी कोमट घ्या, साबण बेताचा, हात नुसते टिपा आणि ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली चोळा.

रिक्षात आत्या म्हणाल्या, "तुजा टॉवेल लई हुशार निगाला की गं!" मी तोंड फुगवून बसले.

घरी आल्यावर भारी टॉवेल कपाटात गेला आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बाहेर आला. हात धुतले की आत्या ते पुढे धरून उभ्या राहायच्या, आणि मी ते टिपून जेली चोळायची. भांड्यांना तर मी त्यांना शिवूच देईना. हळूहळू भेगा मिटल्या, पांढरेपणा गेला. हात मऊ वगैरे झाले नाहीत. विहिरीवर दोरखंड ओढून पडलेले घट्टे थोडेच जातात? दाराशी ठेवलेली पिशवी आत्यांनी अजून उचलून आत ठेवली नव्हती.

मी कामावर रुजू व्हायच्या आदल्या सकाळी पोरीच्या अंघोळीचं पाणी तापलं होतं, तेलाची वाटी पाटाशेजारी होती. आत्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी तळवा माझ्या गालावर ठेवला.

"बग, टोचतंय का?"

लग्न झाल्यापासून त्यांनी मला असा हात लावलेला ही पहिलीच वेळ. टोचत होतं, थोडंसं. माझे डोळे भरून आले.

"नाही हो, आत्या."

त्या पाटावर बसल्या, पाय पसरले आणि नातीला पायांवर घेतलं. तेलाचा हात पाठीवरून फिरला. पोरीनं नेहमीसारखं भोकाड पसरलं. या वेळी आत्यांनी हात मागे घेतला नाही.