जेवण तयार आहे

अर्जात सगळं खरं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते बोईसरचे माझे घरमालक. बातमीदारीची पहिली चार वर्षं मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिलो. तारापूरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण नोंदीची सवय निवृत्त झाली नाही. माझ्या भाडेकरारात 'खोली हवेशीर' असं छापलेलं होतं. त्यापुढे त्यांनी शाईने लिहिलं, 'वारा पश्चिमेचा असल्यास'. एका सरकारी अर्जात 'स्वयंपाक कशावर करता?' असा प्रश्न होता. त्यांनी उत्तर लिहिलं, 'मी करत नाही. बायको करते.' अर्ज परत आला. त्यांनी तो तसाच पुन्हा नेऊन दिला आणि म्हणाले, "तुमी विचारलंत, मी सांगितलं. आता यात बदलायचं काय?"

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या. घराच्या पडवीत त्यांची खानावळ होती: दोन बाकं, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. शिफ्ट सुटलेली माणसं वासाचा माग काढत येत, त्यामुळे पाटीची गरज कोणालाच नव्हती. घरमालकांना मात्र धंदा म्हटला की बोर्ड हवा, आणि बोर्ड म्हटला की परवाना हवा. पेंटरने पत्र्यावर एक पापलेट काढलं आणि खाली लिहिलं, 'मावशीची खानावळ. जेवण तयार आहे.' मावशींनी बोर्ड पाहिला आणि म्हणाल्या, "हा मासा चार दिवसांचा हाय. ताज्याचा डोळा असा नसतो." पेंटरच्या डब्यात बोट बुडवून त्यांनी माशाच्या डोळ्यात काळा ठिपका दिला. रंग वाळल्यावर त्यात त्यांच्या बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत राहिल्या.

कागदोपत्री या गोष्टीला 'आकाशचिन्ह व जाहिरात परवाना' म्हणतात. आमचं आकाशचिन्ह कुंपणाच्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लागणार होतं. परवान्यासाठी तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही घरमालकांच्याच हट्टापायी. अर्जात लिहिलेल्या मापापेक्षा बोर्ड दोन बोटं लांब भरतो, हे त्यांनी स्वतःच शोधलं आणि जास्तीचा पत्रा कापला. त्यात पापलेटची शेपटी गेली. मावशी म्हणाल्या, "नियमात बसला. आता तव्यात बसवा." पुढच्या फेरीत जोडलेला फोटो त्यांनी परत मागितला, कारण त्यात शेजाऱ्यांची वेल आली होती आणि वेलीची परवानगी घेतलेली नव्हती. तिसऱ्या वेळी तर परवाना हातात पडत असताना ते कचेरीच्या खिडकीतल्या बाईंना म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. दुपारी तीननंतर जेवण तयार नसतं." बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही घरी जा."

ते घरी आले, पण बोर्डावरचं वाक्य त्यांच्या मनाला टोचत राहिलं. मग त्यांनी नेम धरला. शेवटचं ताट वाढून झालं की ते एक गोणपाट घेऊन फाटकाशी जायचे आणि बोर्ड झाकायचे. दुसऱ्या दिवशी भात उतरला की गोणपाट निघायचं. कामगारांच्या बसमधली माणसं खिडकीतून आधी बोर्ड बघत आणि मग उतरायचं की नाही ते ठरवत.

पुढे मी पालघरला राहायला गेलो. दोन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. खानावळ त्याच दिवशी थांबली आणि बोर्डावर गोणपाट पडलं ते पडलंच. रोज सकाळी घरमालक त्याची एक कड वर करून माशाचा डोळा बघतात, असं माझ्यानंतर त्या खोलीत आलेल्या भाडेकरूने मला सांगितलं.

नंतर परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. फॉर्मवर एक रकाना होता: 'व्यवसाय सध्या चालू आहे का?' 'नाही' लिहिलं तर बोर्ड उतरवावा लागणार होता. परवान्याशिवाय बोर्ड ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं आणि तो उतरवणंही जमणारं नव्हतं. त्या दिवशी मी सोबत गेलो होतो. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी रकाना पाहिला, घरमालकांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, 'चालू' लिहा ना. कोण येतंय बघायला?"

"मी हाय ना," घरमालक म्हणाले.

फॉर्म कोराच घरी आला. तीन दिवस तो देवघरापुढे होता. चौथ्या दिवशी त्यांनी बाजारातून बोंबील आणले, मावशींचं पातेलं काढलं आणि वयाच्या सत्तरीत आयुष्यातलं पहिलं कालवण केलं. गोणपाट काढलं. माडीवरच्या भाडेकरूला खाली बोलावून बाकावर बसवलं, जेवू घातलं आणि पैसे घेतले, कारण फुकट वाढलं तर तो व्यवसाय होत नाही. मग फॉर्मवर लिहिलं, 'चालू. रोज एक ताट.'

तेव्हापासून ते ताट रोज होतं. भाडेकरू उत्तरेकडचा आहे आणि भला आहे. तो रोज म्हणतो, "अंकल, कल से अच्छा है." हे रोज खरं असतं तर एव्हाना कालवण मावशींच्या तोडीचं व्हायला हवं होतं. तो रजेवर गावी गेला की मला फोन येतो, "पत्रकार, उद्या गिऱ्हाईक नाय. येता का?" मी जातो.

मागच्या खेपेला कालवणात मीठ जास्त होतं आणि भाकरी एका बाजूने कच्ची होती. ते समोरच्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्यासारखं नाय ना?" त्यांच्यापुढे खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली, जणू नोंद बरोबर निघाली. फाटकापलीकडे दुपारची बस थांबली आणि कोणी न उतरता निघून गेली. मला घाई होती, म्हणून मी भराभर घास घेऊ लागलो. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग बाकाच्या टोकाला घडी घालून ठेवलेल्या गोणपाटाकडे.

"सावकाश जेवा," ते म्हणाले. "ताट संपलं की बोर्ड झाकायला जावं लागतं."