घराची हिस्टरी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. बेळगावात इतिहासाचा प्राध्यापक होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमचे वडील गावात 'पोरगा मास्तर हाय' एवढंच सांगतात.

दर शनिवारी मी शहराजवळच्या मच्छे गावातल्या एका हायस्कुलात पोरांचं इतिहास मंडळ घेतो. एकदा म्हटलं, राजे पुस्तकात आहेतच, तुम्ही आपापल्या घराची हिस्टरी काढून आणा. 'इतिहास' म्हटलं की पोरं पेंगतात, म्हणून मुद्दाम 'हिस्टरी' हा शब्द वापरला. आमच्याकडं हिस्टरी कोण काढतं, तेच विसरलो. एक तर पोलीस, नाहीतर सोयरीक करायला निघालेले पावणे.

पुढच्या शनिवारी दहावीतल्या एका मुलीचे वडील कारखान्याच्या कपड्यांतच शाळेत आले. मागं मुलगी, तोंड एवढंसं करून. मंडळातली सगळ्यात चौकस पोर, कॉलेजात इतिहासच घेणार म्हणणारी. वडील म्हणाले, हिचं नाव मंडळातनं काढा. झालं होतं असं, की हिनं आज्जीला घराची हिस्टरी विचारली आणि आज्जीनं ओळखलं, स्थळ आलंय. तिनं गल्लीभर सांगितलं. दोन आत्या तर मुलगा काय करतो म्हणून विचारून गेल्या.

"पोरगी अजून शिकायची हाय, सर. कुणाला शब्द दिलाय तुमी?"

मी सांगितलं, पावणे नाहीत, हा अभ्यास आहे.

"मग इतिहास म्हना की."

"तोच. तुमच्या घराचा."

"इतिहास राजाचा असतोय. आमची हिस्टरीच."

मग मी माझं ठेवणीतलं काढलं. आमच्या घरातला पहिला मी, तुमच्या घरातली पहिली ही होईल. घराचं हिनं नाही लिहायचं तर कुणी? त्यांनी मुलीकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे तिचं नाव. पर बांधावरनं थोरल्या भावाचं आन माझं जे झालं, तेवढं नको."

मुलगी हळूच म्हणाली, "आप्पा, आज्जीनं पयलं तेच सांगितलंय."

"आज्जी व्हती काय तितं?" म्हणत ते बाकावर बसले. "घे लिवून. मी सांगतो."