आतोबांची मोरगाडी

काल लग्न आटोपून निघताना माझी आत्या चुकून भलत्याच मिनीव्हॅनमध्ये चढली. कार्यालयाबाहेर सगळ्या गाड्या पांढऱ्या, एकसारख्या. ड्रायव्हर तिच्यावर खेकसला, "ओ आजी, नंबर बघून चढता येत नाही?"

आत्याला वाचता येत नाही. माझं डोकंच फिरलं. आतोबांची जुनी मेटॅडोर असती तर तिला नंबर बघायची गरजच पडली नसती. त्यांनी दारांवर पेंटरकडून मोर काढून घेतले होते, सीटला लाल रेक्झिन होतं आणि पडदे आत्यानं स्वतः शिवले होते. ती गाडी वळणावर दिसली, की पोरं "मोरगाडी आली!" म्हणत धावायची. आतोबा गेल्यावर त्यांच्या मुलानं ती भंगारात दिली आणि कंपनीच्या कंत्राटासाठी अशीच पांढरी मिनीव्हॅन घेतली. गार हवेची, बंद काचांची, कुणाचीच नसलेली. गाडीवर माणसाचा हात फिरल्याची एक खूण का नसावी?

मी हे सगळं त्या ड्रायव्हरला तिथंच सुनावलं.

"पांढरी गाडी डिसेंट दिसते, साहेब," तो म्हणाला.

आत्या खाली उतरली आणि भर मांडवासमोर कडाडली, "डिसेंट कसली? मढ्यावरच्या कापडासारखी दिसते!"